कागदाकडून संवादाकडे
(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर आपल्या लोहारा-सास्तूर भागात घरे उभी राहिली ती दोन तऱ्हांनी. उद्ध्वस्त गावांना नव्या जागी तयार घरे मिळाली. कमी पडझड झालेल्या घरांची दुरुस्ती मात्र घरमालकाच्या डोळ्यांदेखत, टप्प्याटप्प्याने झाली. तिथे भिंत अर्धी असतानाच ‘इथे खिडकी हवी’ असे सांगता येत होते. आपल्या सॉफ्टवेअर उद्योगाचा इतिहासही अशाच दोन तऱ्हांचा आहे.

१९६८ साली मुंबईत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस सुरू झाली, १९९० साली पुण्यात पर्सिस्टंट. नव्वदच्या दशकात परदेशी कामांचा ओघ वाढला. ग्राहक अमेरिकेत आणि काम करणारा इथे. मग विश्वास बसावा कसा? तो कागदाने बसवला. मागण्या आधी लिहून घ्यायच्या, मग आराखडा, मग प्रोग्राम आणि शेवटी चाचणी. कार्नेगी मेलन विद्यापीठातील संस्थेने कामाची शिस्त मोजण्यासाठी ‘सीएमएम’ ही पाच पायऱ्यांची मोजपट्टी केली होती. तिची पाचवी पायरी गाठण्यात भारतीय कंपन्या जगात आघाडीवर राहिल्या. हे यश लहान नव्हते. पण काम पुरे झाल्यावर ग्राहक म्हणे, ‘लिहिले तसे झाले, पण मला हवे तसे नाही.’

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ जाणकारांनी ‘अजाइल’ जाहीरनामा काढला. दर काही आठवड्यांनी थोडे, पण चालणारे काम दाखवा. ग्राहकाचे ऐका आणि बदल करा, असा त्याचा आशय. त्याच वर्षी थॉटवर्क्स या कंपनीने बंगळूरला केंद्र उघडून ही पद्धत दूर अंतरावरून राबवली. जाहीरनाम्यावर सही करणारे मार्टिन फाउलर यांनी तो अनुभव पुढे लिहून ठेवला. दोन्हीकडची माणसे एकमेकांकडे जाऊन राहिली पाहिजेत, हा त्यातला एक धडा. दुसरा अधिक अवघड : वरिष्ठांपुढे गप्प राहण्याची सवय मोडली पाहिजे.

खरी अडचण इथेच होती. वर्गात उलट प्रश्न विचारणे म्हणजे उद्धटपणा, असे ऐकत आपली मुले मोठी होतात. तीच पुढे नोकरीत ‘होय सर’ म्हणतात, आणि चूक दिसूनही महिनाभर बोलत नाहीत. हिशेबाचा कागद त्या मौनावर पांघरूण घालतो. रोजची दहा-पंधरा मिनिटांची बैठक ते उघडे पाडते.

लोहाऱ्यातून पुण्याला संगणकाच्या नोकरीसाठी जाणाऱ्या मुलामुलींना नवी पद्धत चार दिवसांत शिकवता येईल. ‘सर, हे मला पटत नाही’ असे नम्रपणे म्हणण्याचे धैर्य मात्र शाळेतच द्यावे लागेल, आणि ते ऐकून घेण्याची तयारी आपण मोठ्यांनी ठेवावी लागेल.