बोलणारे: १

भाषांच्या आकडेवारीचे तक्ते वाचायची मला खोड आहे. (पीएचडीच्या काळात प्रबंध सोडून बाकी सगळं वाचायची लागलेली सवय, दुसरं काय!) मागे अशाच एका तक्त्यात यागान भाषेपुढे 'बोलणारे: १' असं वाचलं आणि तिथेच अडकलो.

दक्षिण अमेरिकेच्या अगदी टोकाला टिएरा देल फ्युएगो नावाचा बेटांचा पुंजका आहे. यागान लोक तिथले. होडीतच चूल पेटती ठेवून खाड्याखाड्यांतून हिंडणारे. १८३२च्या डिसेंबरात 'बीगल' जहाजावरून डार्विन तिथे पोचला. इथल्या लोकांच्या बोलीला भाषा म्हणणंही त्याला जड गेलं. पुढे थॉमस ब्रिजेस या मिशनऱ्याने त्याच यागानचा कोश केला. शब्द किती? सुमारे बत्तीस हजार! डार्विनसारखा निरीक्षक, पण कानाने चकला तो चकलाच.

ब्रिजेस पोरवयातच ही भाषा शिकला होता. १८७१ साली तो उशुआयाला कुटुंबासह राहायला आला. त्याने शब्द मोजले तशी माणसंही मोजली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तीनेक हजार यागान असावेत असा अंदाज आहे. १८८४च्या मध्यात त्याच्या मोजणीत हजाराच्या आसपास उरले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर अर्जेंटिनाची जहाजं आली, आणि पाठोपाठ गोवर. १८८६च्या मोजणीत चारशेही भरले नाहीत. फिरस्त्या लोकांना मिशनभोवती एका जागी वसवलं होतं, साथीला तेच सोयीचं झालं. ब्रिजेसच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण कोशाची पानं वाढत होती आणि ते शब्द बोलणारी तोंडं कमी होत होती, दोन्ही त्याच माणसाच्या वह्यांत.

कोशाच्या हस्तलिखिताचीही एक कथाच आहे. उत्तर ध्रुवावर पोचल्याचा दावा करणारा तो फ्रेडरिक कुक, त्याने ते नेलं आणि स्वतःच्या नावावर छापायच्या खटपटीत होता. शेवटी १९३३ साली ऑस्ट्रियात ते ब्रिजेसच्या नावाने छापलं गेलं. तोवर यागान शंभराच्या आत आले होते.

क्रिस्तिना काल्देरोन १९२८ची, नावारिनो बेटावरची. लहानपणी यागानच बोलायची, स्पॅनिश नंतर आली. पुढच्या पिढीला घरची भाषा बोलली की चेष्टा सोसावी लागे, म्हणून तीही स्पॅनिशकडे वळली. २००३ साली क्रिस्तिनाची बहीण उर्सुला गेली, २००५ साली भावजय एमेलिंदा अकुन्या. त्यानंतर तक्त्यात आकडा आला: १.

इथे माझ्यातला इंजिनियर कुरकुरतो. जगात एकच टेलिफोन असेल तर कॉल किती होतील? शून्य. म्हणजे बोलणारी भाषा म्हणून यागान २००५ सालीच थांबली, तक्त्याला कळायला सतरा वर्षं लागली. क्रिस्तिना १६ फेब्रुवारी २०२२ला गेली. त्याआधी तिने नातीला हाताशी धरून शब्द आणि गोष्टी नोंदवून ठेवल्या.

आणि यागान लोक? चिलीच्या २०१७च्या जनगणनेत सुमारे सोळाशे जणांनी स्वतःला यागान म्हणून नोंदवलं, म्हणजे १८८६च्या चौपट. आई गेली त्या दिवसांत क्रिस्तिनाची मुलगी लिदिया गोन्सालेस चिलीच्या नव्या राज्यघटनेचा मसुदा लिहिणाऱ्या सभेत बसत होती. यागानांसाठी राखलेल्या जागेवर.