मांडाची गाणी

मांडवीच्या उत्तर तीरावर, डिचोली तालुक्यात, आमोणे हा गाव वसला आहे. तेथील वेताळाच्या देवळामुळे गोमंतकात त्याचे नाव सर्वश्रुत आहे. परंतु गावाचा इतिहास केवळ देवळांत आणि दप्तरांत साठलेला असतो असे नाही. डिचोली, पेडणे, सत्तरी या भागांत पौषाच्या चांदण्या रात्री, जेवणेखाणी आटोपल्यावर, सारवलेल्या अंगणात बायका-मुली जमत आल्या, तेथेही तो आहे. त्या जागेला मांड म्हणतात आणि त्या खेळाला धालो.

धालोची रीत अगदी साधी. शेजारणीच्या कमरेभोवती हात घालून स्त्रियांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एक रांग गाणे म्हणते, दुसरी ते उचलते. दोन्ही रांगा वाकत वाकत पुढे येतात व मागे सरतात. वाद्य नाही, व्यासपीठ नाही. पाच, सात किंवा नऊ रात्री हा क्रम चालतो. पुरुषांना मांडावर मज्जाव असतो आणि शेवटच्या रात्री बायकाच पुरुषांची सोंगे घेऊन हसून हसून बेजार होतात. आजीच्या शेजारी रांगेत उभी राहिलेली परकरी पोर ही सारी गाणी कोणी न शिकवता शिकते.

भाद्रपद आला की फुगडीचे दिवस येतात. तोंडाने ‘फू’चा ठेका धरून मुली भराभर फिरतात. कोणी हातात नारळाच्या करवंट्या घेऊन कट्टी फुगडी घालतात, तर व्रताच्या वेळी कळशीत फुंकर घालून तिच्या घुमणाऱ्या नादावर कळशी फुगडी रंगते.

या आनंदाला एक दुखरी कडाही होती. पूर्वी मुलींची लग्ने फार लहान वयात होत. फुगडीतून ओढून काढावी तशी मुलगी सासरी जाई. लग्नानंतरच्या पहिल्या चतुर्थीला माहेराहून फळफळावळीचे व गोडाधोडाचे ‘ओझे’ येई, त्याकडे तिचे डोळे लागलेले असत. सासूचा जाच, भावाची वाट, माहेरची ओढ यांबद्दल घरात अवाक्षर काढण्याची सोय नव्हती. मांडावर मात्र ते गाण्यातून उघड म्हणता येई. गाणे सर्वांचे असल्यामुळे दोष कोणा एकीला लागत नसे.

ही गाणी येथे टिकली, यामागे राजकीय कारणही आहे. तिसवाडी १५१० साली व बारदेश आणि साष्टी १५४३ साली पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली. १५६० पासून तेथे धर्मसमीक्षण संस्थेचा, म्हणजे इन्क्विझिशनचा, अंमल सुरू झाला. १७३६ च्या तिच्या जाहीरनाम्याने लग्नातील देशी वाद्ये, ओव्या, हळद लावणे, दारी तुळस ठेवणे, इतकेच काय, बायकांनी चोळी घालणेही निषिद्ध ठरविले. डिचोली मात्र १७८१ साली आणि पेडणे १७८८ साली पोर्तुगीज सत्तेखाली आले. तोवर राज्यकर्त्यांचे धोरण बदलले होते आणि नव्या मुलखातील रूढींना हात लावावयाचा नाही असे ठरले होते. त्यामुळे आमोण्याच्या बाजूचे मांड वाचले.

मग पलीकडच्या तीरावर काय झाले? आमोण्याहून प्रवाहाबरोबर खाली गेले की नार्वे लागते आणि त्याच्या समोर दिवाडी बेट. ते जुन्या मुलखात मोडते. तेथील देवालये गेली, सप्तकोटेश्वर नदी ओलांडून नार्व्यास आला. परंतु ओवी समूळ नष्ट झाली नाही. ख्रिस्ती घरांत लग्नापूर्वी वधूवरांना नारळाच्या रसाने न्हाऊ घालतात. त्या ‘रोस’ विधीच्या वेळी बायका ज्या झोती गातात, त्या जुन्या ओवीच्याच वंशातल्या. वधूच्या हातात ‘चुडो’ भरतात आणि लेकीबरोबर गोडाधोडाचे ‘ओझे’ही जाते. प्रार्थना बदलली, लेकीची पाठवणी करणाऱ्या आईचा कंठ मात्र पूर्वीसारखाच दाटून येत राहिला.

१९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला. त्यानंतर गावोगाव प्राथमिक शाळा निघाल्या आणि मुलींच्या हाती पाटी आली. हे उत्तमच झाले. ज्या दुःखांनी जुनी गाणी भिजली, ती दुःखे परत यावीत असे कोणीही म्हणणार नाही. आता फुगडी स्पर्धांच्या रंगमंचावर दिसते व टाळ्या मिळवते. तथापि रंगमंचावर परीक्षक असतात, वेळेचे बंधन असते. मांडावर प्रेक्षकच नव्हता. तेथे म्हातारी आणि सहा वर्षांची पोर एकाच रांगेत उभ्या असत; चुकले तरी कोणी गुण कापीत नसे.

ज्या आजींना ही गाणी तोंडपाठ आहेत, त्यांची संख्या दरवर्षी घटत आहे. नातीने वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे आणि गाणी लिहून घ्यावीत. एकीच्या वहीत धालोची गाणी येतील, दुसरीच्या वहीत रोसाच्या झोती. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, तर एकाच नदीचे पाणी दोन्ही तीरांना लागलेले मुलींना सहज दिसेल. परंतु गाणी वहीत उतरली म्हणजे काम संपले असे नव्हे. पौषातली एखादी रात्र तरी त्यांनी आजीच्या कमरेभोवती हात घालून रांगेत उभे राहावे.