जुन्या ध्वनिमुद्रण-यंत्रांची कहाणी



गेल्या वर्षीं माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हां तींत एक कॅसेट सांपडली. 1987 सालीं माझ्या मातोश्री जात्यावर ओंव्या म्हणत असतां मीं ती भरली होती. शेजारींच त्या वेळचा छोटा टेपरेकॉर्डर होता. कळ दाबली, मोटर गुरगुरली, पण फीत हलेना. आईचा आवाज हातांत होता, पण कानांवर पडत नव्हता. त्याचें कारण शोधतां शोधतां जो इतिहास हातीं आला, तो आज आपणांस सांगावयाचा आहे.

आवाज टिपून पुन्हां ऐकविणारें यंत्र एडिसननें 1877 सालीं केलें. पुढें त्यांत मेणाचें नळकांडें आलें. 1890 सालीं जेसी वॉल्टर फ्यूक्स यांनीं तें यंत्र अमेरिकेंतील मेन संस्थानांत नेलें व पासामाक्वाडी लोकांचीं गाणीं टिपून घेतलीं. परंतु मेण मऊ. ऐकण्याच्या प्रत्येक वेळीं सुई तीच रेघ झिजवी. जितकें ऐकावें तितकें मूळ पुसट व्हावें, असा तो प्रकार होता.

1933 सालीं जॉन लोमॅक्स लोकगीतें जमविण्यास निघाले, तेव्हां त्यांचें तबकड्या कोरणारें यंत्र 315 पौंडांचें होतें. तें मोटारीच्या पाठीमागें बसवून न्यावें लागे, आणि तरी त्यास ‘सोबत नेण्याजोगें’ म्हणत! 1935 सालीं बर्लिनच्या प्रदर्शनांत चुंबकीय फितीचें यंत्र लोकांपुढें आलें. 1951 सालीं स्वित्झर्लंडमध्यें शिकणाऱ्या स्टेफान कुडेल्स्की या पोलिश तरुणानें ‘नाग्रा’ बनविला. त्याची मोटर घड्याळासारखी किल्ली देऊन चालत असे. त्या पोलिश नांवाचा अर्थच मुळीं ‘ध्वनिमुद्रण करील’ असा आहे. 1963 सालीं फिलिप्सची कॅसेट आली आणि ध्वनिमुद्रण घरोघर पोहोंचलें. 1987 सालीं आंकड्यांत आवाज साठविणारी ‘डॅट’ फीत निघाली. तिचीं यंत्रें बनविणें सोनीनें 2005 सालीं थांबविलें. म्हणजे ही फीत अवघ्या अठरा वर्षांत पोरकी झाली!

प्रत्येक नवें यंत्र जुन्याची अडचण दूर करी, परंतु जुन्यावर भरलेले आवाज मागेंच राहात. ते ऐकावयाचे तर जुनेंच यंत्र चालतें असावें लागतें. आणि यंत्रास माणसाप्रमाणेंच वार्धक्य येतें. रबरी पट्टा सैल पडतो किंवा वितळून डांबरासारखा चिकट होतो. फीत ओढणारा रबरी रूळ कडक झाला कीं सूर डळमळतो. हेडवर मळ सांचला कीं वरचे स्वर मंद होतात. आंतील कपॅसिटर सुकले कीं घरघर ऐकूं येते. फितीही जर्जर होतात: कांहींस आंबूस वास येतो, तर कांहींचा लेप दमटपणानें चिकट होऊन सुटूं लागतो. म्हणून जुन्या यंत्रांत मोलाची फीत प्रथमच घालूं नये. हेड स्पिरिटनें पुसावें, पट्टा व रूळ पाहावे, आणि आधीं एखादी टाकाऊ फीत लावून परीक्षा घ्यावी.

आपल्या महाराष्ट्रांत हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनीं जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओंव्या गोळा केल्या. 1990 नंतरच्या दशकांत बर्नार बेल यांच्या साह्यानें त्यांतील हजारों ओंव्या फितींवर भरल्या गेल्या. त्या फितींवरचे आवाज वेळींच संगणकांत उतरले, म्हणूनच 2017 पासून ‘पारी’च्या संकेतस्थळावर ते कोणासही ऐकतां येऊं लागले. जीं घरें हें करीत नाहींत, त्यांच्या आयाआज्यांचे आवाज माळ्यावर निमूटपणें विरतात. 2019 सालीं युनेस्कोनेंही चुंबकीय फितींविषयीं असाच सावधानतेचा इशारा दिला.

माझ्या यंत्राचा पट्टा चिकट झाला होता, इतकेंच. गांवांतील एका वृद्ध कारागिरानें नवा बसविला, आणि चाळीस वर्षांपूर्वींची घरघर, बांगड्यांचा आवाज व आईची ओंवी एकदम खोलींत उभी राहिली. पहिल्याच ऐकण्यांत मीं तिची प्रत संगणकांत उतरून घेतली. दुसरी प्रत मुलीच्या घरीं ठेविली. कारागिरास विचारलें, “आपल्यामागें हें काम कोण करील?” ते नुसते हंसले.

आपल्याही माळ्यावर अशी पेटी असेल, तर ती याच आठवड्यांत खालीं काढावी. पट्टा बसविणारा हात आणि चालतें यंत्र हीं दोन्हीं असेतोंवरच त्या फितींना वाचा आहे.