झोपेची किल्ली कुणाकडे?



रात्री घर झोपलं की लिहायला बसायची माझी जुनी सवय. पूर्वी कागद-पेन असायचं, आता टेबलावर संगणक आहे. कविता लिहीत असताना तो अगदी गप्प असतो. पण जरा विसावा म्हणून एखाद्या जुन्या मैफलीची चित्रफीत लावली, की आतला पंखा मोठा सुस्कारा टाकून जागा होतो. मैफल संपली की दोन-चार मिनिटांत पुन्हा शांत. संगणक दुरुस्त करणाऱ्या माझ्या भाच्याला मी एकदा विचारलं, ‘‘अरे, याला कोण सांगतं, आता जाग आणि आता नीज म्हणून?’’ तो म्हणाला, ‘‘ड्रायव्हर सांगतो, मामू.’’

माझा ड्रायव्हर एस.टी.तला. मला वाटलं, पोरगा थट्टा करतोय. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, माझा या विषयाशी संबंध काय? पण त्या एका उत्तराचा माग काढत गेलो आणि वीस वर्षांची एक गोष्ट हाती लागली. ती आज तुम्हाला सांगतो.

संगणकातला ड्रायव्हर म्हणजे एक प्रोग्रॅम. संगणकाची मुख्य प्रणाली आणि त्यातला एखादा भाग यांच्यामधला हा दुभाषा, आणि मुकादमही. तो ज्या मजुरांवर देखरेख करतो, त्यांतला सर्वांत राबणारा आणि सर्वांत खादाड मजूर म्हणजे ग्राफिक्स प्रोसेसर, पडद्यावरचं चित्र रंगवणारा. साध्या पडद्यावर १९२० गुणिले १०८० म्हणजे वीस लाखांहून अधिक ठिपके असतात आणि ते सेकंदाला साठ वेळा नव्याने दाखवावे लागतात. १९९९ साली एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीने ‘जीफोर्स २५६’ हे कार्ड बाजारात आणलं आणि ‘जीपीयू’ हे नाव लोकांच्या तोंडी बसवलं. त्यानंतर खेळांमधली चित्रं जसजशी खरी वाटू लागली, तसतशी या मजुराची भूकही वाढत गेली.

ही भूक मोजायचा नियम सोपा आहे. प्रोसेसर एका ठेक्यावर चालतो. सेकंदाला किती ठोके, हा त्याचा वेग. ठोके वाढले की विजेचा खर्च त्याच प्रमाणात वाढतो. पण विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज वाढलं, तर खर्च त्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दाब दुप्पट, तर खर्च चौपट. उलट दाब निम्मा केला, तर खर्च पावपट. म्हणून खरी बचत दाब कमी करण्यात आहे. मात्र कमी दाबावर प्रोसेसरला जलद ठेका झेपत नाही. तेव्हा वेग आणि दाब ही जोडी हातात हात घालूनच खाली-वर न्यावी लागते.

त्यातही क्रम चुकून चालत नाही. वेग वाढवायचा असेल तर आधी दाब वाढवायचा, मग ठोके. कमी करायचा असेल तर आधी ठोके, मग दाब. उलटं केलं तर प्रोसेसर अडखळतो आणि पडदा गोठतो. लहान मूल झोपवताना आपण नाही का, आधी अंगाईची लय संथ करत आणि मग आवाज खाली आणत? आवाज आधी पडला तर मूल दचकून उठतं.

कार्डावरच्या स्मृतीचा, म्हणजे मेमरीचा वेग बदलणं तर याहून नाजूक. पडद्यावरचं चित्र त्या स्मृतीतूनच सतत वाचलं जात असतं. वेग बदलताना हे वाचन क्षणभर थांबवावं लागतं. मग सवड कुठली? एक चित्र संपून दुसरं सुरू होण्याआधी जी फट असते, ती. ही फट बहुधा एका मिलिसेकंदाहूनही लहान असते. तेवढ्यात सारं उरकलं नाही, तर बघणाऱ्याला पडदा लुकलुकताना दिसतो.

सुरुवातीच्या काळात हे सगळं ढोबळ होतं. २००३ साली एनव्हिडियाचं ‘जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा’ हे कार्ड आलं. साध्या कामाला सेकंदाला ३० कोटी ठोके आणि खेळ सुरू झाला की ५० कोटी, अशा मोजक्या दोन पायऱ्या. वरच्या पायरीवर गेलं की पंखा इतका गरजायचा, की लोक त्याला घर झाडायचं यंत्र म्हणू लागले. कंपनीनेच पुढे स्वतःची थट्टा करणारी एक चित्रफीत काढली होती.

आता गोष्टीच्या मुख्य भागाकडे येतो. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने १९९१ साली सुरू केलेली लिनक्स ही प्रणाली जगभरचे लोक मिळून घडवतात. तिचा मजकूर कुणीही वाचावा, सुधारावा. एनव्हिडियाचा लिनक्ससाठीही एक ड्रायव्हर होता आणि तो कार्डाची झोप-जाग सांभाळायचा. पण तो बंद पेटीतला. आत काय आहे, याबाबत कंपनी ताकास तूर लागू देत नसे. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि अशा पेटीची एक अडचण असते. जुन्या कार्डासाठी कंपनीने ड्रायव्हर सुधारणं थांबवलं, की कार्ड धडधाकट असूनही मालक अडकतो.

म्हणून २००५-०६च्या सुमारास एका फ्रेंच प्रोग्रॅमरने खुला ड्रायव्हर लिहायला घेतला. त्याचं नाव ‘नूव्हो’, फ्रेंचमध्ये म्हणजे ‘नवा’. हे नाव कसं पडलं, तर जुन्या तुटपुंज्या ड्रायव्हरचं नाव ‘एनव्ही’. गप्पांच्या खिडकीत तो ‘एनव्ही’ टंकायला गेला, की यंत्र आपण होऊन ‘नूव्हो’ सुचवायचं. बारसं यंत्रानेच केलं.

कागदपत्रं नाहीत, नकाशा नाही. मग या मंडळींनी काय केलं? बंद ड्रायव्हर कार्डाशी काय बोलतो, ते जणू भिंतीला कान लावून ऐकलं. हे संभाषण टिपणारं एक साधन २००८ साली लिनक्समध्येच दाखल झालं. लोकांनी आपापल्या संगणकांवरच्या नोंदी पाठवल्या. कोणता आकडा लिहिल्यावर काय घडतं, याचे अंदाज बांधले गेले. कार्डावरच्या छोट्या स्मृतीत वेग आणि दाब यांची कोष्टकं असतात, ती एकेक ओळ करून उलगडली गेली. २०१०च्या फेब्रुवारीत नूव्हो लिनक्सच्या मुख्य प्रवाहात आला. चित्र दिसू लागलं. पण कार्ड सुरू होताना ज्या मंद ठेक्यावर असतं, त्यावरून त्याला वर नेणं, हे काम सर्वांत चिवट निघालं.

त्याच २०१० साली एनव्हिडियाने लॅपटॉपसाठी ‘ऑप्टिमस’ ही व्यवस्था आणली. एका लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स प्रोसेसर. छोटा नेहमीच्या कामाला, मोठा खेळाला. काम नसेल तेव्हा मोठ्याची वीज तोडायची, बॅटरी वाचवायची. कल्पना उत्तम, पण लिनक्सवर हे जमवून घेणारं कुणी नव्हतं. काही हौशी लोकांनी ‘बंबलबी’ नावाचा प्रकल्प काढला. २०११ साली त्याच्या एका आवृत्तीत एक गंमत झाली. गंमत म्हणजे, आज हसतो म्हणून गंमत. एक जुनी फाइल पुसण्याच्या आज्ञेत चुकून एक मोकळी जागा पडली. त्या जागेमुळे एका पत्त्याचे दोन पत्ते झाले आणि जिथे संगणकाचे बहुतेक प्रोग्रॅम राहतात, तो अख्खा कप्पाच पुसला जाऊ लागला. दुरुस्ती काय, तर ती मोकळी जागा खोडणं. दोन शब्दांमधल्या कोऱ्या जागेची किंमत कवींनाच कळते, असा माझा समज होता. तो तेव्हा गळून पडला.

या ऑप्टिमसचाच प्रश्न २०१२च्या जूनमध्ये फिनलंडमधल्या आल्टो विद्यापीठात एका तरुणीने टोरवाल्ड्सना विचारला. माझ्या लॅपटॉपवर हे चालत नाही, कंपनी मदत करत नाही, काय करावं? टोरवाल्ड्सनी कॅमेऱ्याकडे वळून मधलं बोट दाखवलं आणि कंपनीला जाहीर शिवी हासडली. शिवीची चित्रफीत जगभर फिरली. ती ज्या प्रश्नामुळे निघाली, तो वीज वाचवण्याचा साधा प्रश्न मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही.

दुसऱ्या बाजूला काय चाललं होतं, तेही सांगायला हवं. एनव्हिडियाची प्रतिस्पर्धी एटीआय ही कंपनी २००६ साली एएमडीने विकत घेतली आणि २००७ साली कार्डांची कागदपत्रं खुली करायचं ठरवलं. तरीही वेग आणि दाब गरजेप्रमाणे आपोआप बदलण्याची पुरी सोय खुल्या ड्रायव्हरमध्ये यायला २०१३चा सप्टेंबर उजाडला. पहिल्या आवृत्तीत तर ती मुद्दाम बंद ठेवली होती, ज्याला हवी त्याने जबाबदारीने सुरू करावी म्हणून. काही महिन्यांनी ती बऱ्याच कार्डांवर आपोआप चालू झाली आणि अनेक घरांतले पंखे शांत झाले. म्हणजे नकाशा हाती असूनही सहा वर्षं लागली. नकाशाविना काय होत असेल?

तरी नूव्होवाले हटले नाहीत. २०१३ साली एनव्हिडियाने थोडी कागदपत्रं द्यायला सुरुवात केली. २०१४पर्यंत काही पिढ्यांच्या कार्डांवर वापरणाऱ्याला निदान हाताने तरी वेग बदलता येऊ लागला. आणि नेमक्या त्याच वर्षी दाराला नवं कुलूप लागलं. सप्टेंबर २०१४मध्ये ‘जीटीएक्स ९८०’ आणि ‘९७०’ ही कार्डं आली. त्यांच्या आतला फर्मवेअर नावाचा छोटा प्रोग्रॅम कंपनीच्या सांकेतिक सहीशिवाय महत्त्वाच्या गोष्टींना हात लावूच शकत नाही, अशी रचना होती. २०१६ साली कंपनीने सही केलेला काही फर्मवेअर खुल्या ड्रायव्हरसाठी दिला, त्याने चित्र वेगाने रंगू लागलं. पण झोप-जाग सांभाळणारा तुकडा त्यात नव्हता. ‘९८०’ कार्ड सेकंदाला ११२ कोटींहून अधिक ठोक्यांसाठी बनवलेलं, पण खुल्या ड्रायव्हरखाली ते सुरुवातीच्या मंद ठेक्यावरच अडकून राहिलं. याआधी प्रश्न ज्ञानाचा होता आणि ज्ञान कष्टाने मिळवता येतं. आता प्रश्न परवानगीचा झाला.

पुढे २०१८पासूनच्या कार्डांमध्ये कंपनीने आणखी एक छोटा प्रोसेसर बसवला आणि हळूहळू झोप-जागेचा कारभार त्याच्याकडे सोपवला. २०२२च्या मे महिन्यात कंपनीने आपल्या लिनक्स ड्रायव्हरचा गाभ्यातला भाग खुला केला. त्याच वाटेने जानेवारी २०२४च्या लिनक्समध्ये नूव्हो या नव्या कार्डांना पूर्ण वेगाने चालवू लागला. आनंदाचीच गोष्ट. पण बारकाईने पाहिलं तर ड्रायव्हर आता ठरवत नाही, फक्त विचारतो. ठरवतो तो कार्डाच्या आतला बंद फर्मवेअर. मुकादमाचा निरोप्या झाला.

आणि मधली कार्डं? २०१४ ते २०१७मधली? त्यांना ना जुनी मोकळीक, ना नवा निरोप्या. २०२५ साली कंपनीने या पिढ्यांसाठी नव्या सुधारणा थांबवत असल्याचं जाहीर केलं. जिची भीती नूव्हो सुरू करणाऱ्यांना वीस वर्षांपूर्वी वाटली होती, ती वेळ आली. लाखमोलाची यंत्रं धडधाकट आहेत, पण त्यांना नीट जागवणारा खुला ड्रायव्हर नाही.

एवढ्याशा गोष्टीचं इतकं काय, असं कुणी म्हणेल. ‘९८०’ कार्डाची भूक १६५ वॉट होती, म्हणजे छतावरचे दोन पंखे. २०२५च्या ‘आरटीएक्स ५०९०’ची ५७५ वॉट आहे. अशी यंत्रं आता घरांतच नव्हे, तर मोठमोठ्या गोदामांत रात्रंदिवस चालतात. ती केव्हा जागतील, केव्हा निजतील, हे ठरवणारा मजकूर फार थोड्यांना वाचता येतो. विकत घेतलेली वस्तू आपली खरी केव्हा होते? मला वाटतं, तिला झोपवायची आणि उठवायची रीत आपल्याला कळते तेव्हा.

हे सगळं ऐकून झाल्यावर मी भाच्याला म्हटलं, ‘‘म्हणजे भिंतीला कान लावून बसलेल्या त्या पोरांची मेहनत वायाच गेली म्हणायची.’’ तो म्हणाला, ‘‘नाही मामू. जुन्या कार्डांचे काही संगणक मी आजही त्यांच्याच ड्रायव्हरवर चालवून देतो. त्यांनी ऐकलं नसतं, तर ते भंगारात गेले असते.’’

परवा रात्री मैफल संपल्यावर मी संगणक लगेच बंद केला नाही. पंख्याचा सुस्कारा हळूहळू विरत गेला, तो शेवटपर्यंत ऐकत बसलो.