मोहम्मेडन स्पोर्टिंग : मैदानावरचा क्लब आणि पेपरातला क्लब

एप्रिल २०२४ मध्ये कोलकात्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगने आय-लीग जिंकली आणि देशातल्या सर्वांत वरच्या स्पर्धेत, म्हणजे आयएसएलमध्ये, जागा मिळवली. एका विद्यार्थ्याने मोबाइलवरची बातमी माझ्यापुढे धरली आणि विचारलं, "सर, हा आपला क्लब आहे ना?" आपला कसा, विचारलं तर म्हणाला, "नावावरून." शेजारचा लगेच म्हणाला, "अरे, त्यात मिझोरमची पोरं खेळतात, प्रशिक्षक रशियाचा. आपलं काय त्यात?"

दोघांचंही खरं होतं. मला मात्र वाटलं की या क्लबबद्दल हा वाद नव्वद वर्षांपूर्वीच सुरू झाला, आणि तो मैदानापेक्षा वर्तमानपत्रांत जास्त खेळला गेला.

आधी थोडं मागे जाऊ. २९ जुलै १९११ रोजी मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ने हरवून आयएफए शील्ड जिंकली. गोऱ्या फौजेच्या संघाला अनवाणी खेळणाऱ्या बंगाली पोरांनी हरवलं, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलेली असते. सहसा न ऐकलेली गोष्ट पुढची आहे. मौलाना मोहम्मद अली तेव्हा कोलकात्यातून 'कॉम्रेड' काढत होते. त्यांनी या विजयाचं मोकळ्या मनाने अभिनंदन केलं. 'द मुसलमान' या साप्ताहिकाने तर लिहिलं की मुस्लिम क्लबचे सदस्य आपल्या हिंदू भावांच्या विजयाने आनंदाने वेडे होऊन जमिनीवर लोळत होते. मोहन बागान सगळ्यांचा होता, कारण समोर इंग्रज होते. तो 'हिंदू क्लब' आहे हे कुणी पेपरात छापलं नव्हतं, आणि छापलं असतं तरी त्या दिवशी कुणी वाचलं नसतं.

मोहम्मेडन स्पोर्टिंग १८९१ साली स्थापन झाला. चाळीस वर्षं तो एक साधा क्लब होता. १९३४ साली तो कोलकाता लीगच्या पहिल्या विभागात पहिल्यांदा खेळला आणि त्याच वर्षी विजेता ठरला. १८९८ पासून चाललेल्या त्या लीगमध्ये तोवर एकही भारतीय संघ जिंकला नव्हता. कधी फौजी संघ, कधी कलकत्ता एफसी, असं चाललं होतं. मोहम्मेडनने ती लीग १९३४ ते १९३८ अशी सलग पाच वर्षं जिंकली आणि १९३६ साली शील्डही घेतली.

जिंकण्यामागे विचार होता. क्लबचे चालक सी. ए. अझीझ यांच्या लक्षात आलं की कोलकात्याची लीग पावसाळ्यात खेळली जाते, आणि चिखलात अनवाणी खेळाडू बूटवाल्या फौजींपुढे टिकत नाही. म्हणून त्यांनी खेळाडूंच्या पायांत हलके बूट घातले. आमच्या हरसूलच्या पावसात अनवाणी खेळणाऱ्या पोरांना चिखलातला अनवाणी पाय आणि बूट यांतला फरक समजावून सांगावा लागणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे त्यांनी खेळाडू देशभरातून गोळा केले. रहमत, रशीद, मोहिउद्दीन बेंगळुरूहून आले, जुम्मा खान क्वेट्ट्याहून. आजच्या भाषेत याला व्यावसायिक नियोजन म्हणतात.

पहिल्या विजयाचं स्वागत सगळीकडे झालं. हिंदू मालकांच्या वर्तमानपत्रांनाही तो भारतीयांचा विजय वाटला. पण काळ बदलत होता. ऑगस्ट १९३२ मध्ये जातीय निवाडा जाहीर झाला होता, म्हणजे कायदेमंडळात कुणाला किती जागा हे धर्मावरून ठरणार होतं. १९३५ चा कायदा आला आणि १९३७ मध्ये बंगालात फझलुल हक यांचं मंत्रिमंडळ बसलं. मोहम्मेडनशी जवळून संबंध असलेले ख्वाजा नाझिमुद्दीन त्यात गृहमंत्री होते. आता मैदानावरचे अकरा लोक कुणाला मंत्रिमंडळाचे पाठीराखे दिसू लागले, कुणाला कौमचे सिपाही. चेंडू तोच, गवत तेच, पण लिहिणाऱ्याचा चष्मा बदलला.

इथे समर्थकांची तक्रार समजून घ्यावी लागते. त्यांना दिसत होतं की त्यांच्या क्लबच्या विजयात काही पत्रांना आता खेळ दिसत नाही. 'बाहेरचे खेळाडू आणले' हा आक्षेप घ्या. बाहेरून खेळाडू ईस्ट बंगालही आणत होता, पण बोट मोहम्मेडनकडे जास्त दाखवलं जायचं. पंचांचे निर्णय वादाचे झाले की मोहम्मेडनचा समर्थक म्हणायचा, पेपरवाला आमच्या बाजूने ओळही लिहीत नाही. सगळी तक्रार खरी होती असं मी म्हणणार नाही. हरलेल्या संघाच्या समर्थकाला जगातला प्रत्येक पंच विकाऊ वाटतो. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहारचा सामना झाल्यावर बाहेरच्या चहाच्या टपरीवर उभे राहा, तेच ऐकू येईल. पण सगळी तक्रार खोटीही नव्हती.

समर्थकांनी काय केलं? त्यांनी आपली पत्रं धरली. इंग्रजीत 'स्टार ऑफ इंडिया' होतं, मुस्लिम लीगच्या बाजूचं. १९३६ मध्ये मौलाना अक्रम खान यांचं बंगाली दैनिक 'आझाद' सुरू झालं. या पत्रांनी मोहम्मेडनचा प्रत्येक विजय कौमचा विजय म्हणून छापला आणि प्रत्येक वादग्रस्त निर्णय कौमवरचा अन्याय म्हणून. वाचकाला बरं वाटलं. अखेर कुणीतरी आपलं लिहितंय. काझी नझरुल इस्लाम यांच्यासारख्या कवीनेही या संघावर कविता केली, तेव्हा उत्साहाची कल्पना येईल. नझरुल यांची लेखणी हिंदू-मुसलमान दोघांची होती, आणि मला वाटतं त्यांना आधी खेळ दिसला असेल.

याची किंमत १९३९ मध्ये दिसते. त्या वर्षी मोहम्मेडनने आयएफएच्या कारभाराविरुद्ध लीगमधून माघार घेतली. हे आपण वाचतो तेव्हा मनात चित्र येतं, एका बाजूला मुसलमान क्लब, दुसऱ्या बाजूला हिंदू संघटना. पण मोहम्मेडनबरोबर आणखी कोण बाहेर पडलं? ईस्ट बंगाल आणि कालीघाट. ईस्ट बंगाल म्हणजे पूर्वेकडून आलेल्या हिंदू कुटुंबांचा लाडका क्लब, आणि कालीघाटचं तर नावच देवीच्या देवळावरून. म्हणजे भांडण मुळात कारभाराचं होतं. पंच कसे नेमायचे, निर्णय कोण घेणार, संघटनेत कुणाचं वजन. या प्रश्नांवर तीन क्लबांचे समर्थक एका बाजूला उभे राहू शकत होते, आणि काही आठवडे उभे राहिलेही. त्या वर्षीची लीग मोहन बागानने जिंकली, त्यांची ती पहिलीच.

मला या सगळ्या इतिहासात हा तपशील सर्वांत बोलका वाटतो, आणि तोच लोकांच्या आठवणीतून गळला. एका बाजूच्या पत्रांना हिंदू-मुसलमान ही चौकट सोयीची होती आणि दुसऱ्या बाजूच्या पत्रांनाही. कालीघाट त्या चौकटीत बसत नव्हता, म्हणून तो बातमीतून आणि मग आठवणीतून गेला.

आता मुंबईकडे येऊ, कारण हीच लढत तिथे क्रिकेटमध्ये चालू होती. मुंबईच्या पंचरंगी स्पर्धेत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'रेस्ट' असे संघ होते, म्हणजे क्लब नव्हे, थेट धर्मच. तिच्याविरुद्ध सर्वांत जोराची मोहीम चालवली ती 'बॉम्बे क्रॉनिकल'ने. त्याचे संपादक होते सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी. एका मुसलमान संपादकाचं पत्र सांगत होतं की मुसलमानांचा म्हणून संघ नको, हिंदूंचा म्हणूनही नको. ब्रेलवींना आपल्याच लोकांच्या किती शिव्या बसल्या असतील, याची कल्पना आपण करू शकतो. मुस्लिम संघाने १९३४ आणि १९३५ लागोपाठ जिंकले होते, समर्थक ऐन रंगात होते आणि आपलाच माणूस म्हणतोय की स्पर्धा बंद करा. डिसेंबर १९४० च्या पहिल्या आठवड्यात हिंदू जिमखान्याचं शिष्टमंडळ वर्ध्याला गांधीजींना भेटलं, तेव्हा गांधीजींनीही धर्मावर आधारलेल्या संघांना विरोध केला. स्पर्धा तरी १९४६ पर्यंत चाललीच.

त्याच १९४० साली मोहम्मेडन मुंबईला रोव्हर्स कप खेळायला आला. अंतिम सामन्यात समोर बेंगळुरू मुस्लिम्स हा संघ होता. १९३७ साली रोव्हर्स जिंकणारा पहिला भारतीय संघ तोच. मोहम्मेडनने १-०ने जिंकलं. दोन मुस्लिम नावांचे संघ एकमेकांविरुद्ध! कौमच्या विजयाची चौकट लावून या सामन्याची बातमी कशी लिहायची, असा प्रश्न कुणा वार्ताहराला पडला असेल तर नवल नाही. तिथे अखेर खेळाबद्दलच लिहावं लागलं असेल, अशी माझी आपली खात्री.

गांधीजींच्या त्या निवेदनानंतर आठवडाभरातच, १२ डिसेंबर १९४० रोजी, दिल्लीला ड्युरँड कपचा अंतिम सामना झाला. मोहम्मेडनने रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला २-१ने हरवलं. ड्युरँड जिंकणारा हा पहिला भारतीय संघ. पंच होते हरनाम सिंग. १९११ च्या मोहन बागानच्या तोलाचा हा क्षण. पण आज किती जणांना ठाऊक आहे? आपल्या शालेय पुस्तकांत १९११ भेटतो, १९४० भेटत नाही. एकोणतीस वर्षांत वर्तमानपत्रांनी देशाला असं शिकवलं होतं की या क्लबचा विजय सगळ्यांचा असूच शकत नाही. आणि मोठ्या दुःखाने म्हणावं लागतं, 'आमच्या' पत्रांनीही तेच शिकवलं होतं, फक्त अभिमानाने.

फाळणीनंतर काही खेळाडू पाकिस्तानात गेले. तरी १९४८ ची कोलकाता लीग मोहम्मेडननेच जिंकली. १९६० साली ढाक्याला आगाखान गोल्ड कपही जिंकला. मग लांब ओहोटी. १९८१ नंतरची लीग थेट २०२१ साली.

पेपरविरुद्ध चाहत्यांनी केलेल्या लढाईची जगातली सर्वांत मोठी गोष्ट लिव्हरपूलची आहे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरीत लिव्हरपूलचे समर्थक मेले. मृतांचा आकडा पुढे ९७ झाला. चौथ्या दिवशी 'द सन'ने पहिल्या पानावर 'सत्य' अशा मथळ्याखाली छापलं की समर्थकांनी मृतांचे खिसे कापले, पोलिसांवर लघवी केली. सगळं खोटं. शहराने तो पेपर घेणं बंद केलं, आणि बंद म्हणजे बंद. दुकानदार ठेवेनात, टॅक्सीवाले वाचेनात. ही गोष्ट एका पिढीकडून दुसरीकडे गेली. पण त्याहून महत्त्वाचं काम मृतांच्या घरच्यांनी केलं. ते कागद मागत राहिले. २०१२ साली स्वतंत्र समितीने दाखवलं की पोलिसांच्या १६४ जबान्यांमध्ये फेरफार केले होते. २६ एप्रिल २०१६ रोजी ज्युरीने सांगितलं की समर्थकांचा दोष नव्हता. सत्तावीस वर्षं लागली. लक्षात घ्या, एव्हर्टनचे समर्थक, म्हणजे त्याच शहरातले कट्टर प्रतिस्पर्धी, या लढाईत त्यांच्याबरोबर होते. आपल्या १९३९ च्या कालीघाटसारखे, फक्त इथे त्यांना कुणी बातमीतून वगळलं नाही.

हे सगळं मी का लिहितोय? जुलै २०१५ मध्ये आमच्या हरसूलचं नाव पेपरांत आलं ते दंगलीमुळे. (औरंगाबादच्या तुरुंगाचं हरसूल वेगळं. बाहेर गाव सांगितलं की आजही आधी हा खुलासा करावा लागतो.) त्या आठवड्यांत मी घराघरांत पाहिलं, लोक दोन पेपर घ्यायचे. मराठी पेपर यासाठी की तो आपल्याबद्दल काय म्हणतो ते कळावं, आणि उर्दू पेपर यासाठी की मनाला जरा बरं वाटावं. माझ्या वालिदांचे एक कोकणा मित्र रोज संध्याकाळी येऊन ओसरीवर बसायचे, न बोलता. तेव्हाही यायचे. ते दोन्ही पेपरांत नव्हते.

त्या दोन पोरांना मी मोहम्मेडनच्या त्याच विजयाच्या दोन बातम्या काढून दिल्या, एक मराठी, एक उर्दू, आणि सांगितलं, गोल कुणी केले ते शोधा. बराच वेळ दोघे वाचत बसले. एकीत क्लबचा धर्म होता, दुसरीत क्लबचा गौरव. शेवटी पहिल्याने मोबाइल परत घेतला आणि सामन्याचा व्हिडिओच लावला. दुसरा म्हणाला, "आवाज बंद कर, नुसतं बघू."