काडतुसाची निवड : एका अमेरिकन वादाचा इतिहास

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांबरोबर आला. त्यांच्या ‘कार्तुशु’ या शब्दाच्या मुळाशी कागदाची सुरळी आहे, कारण पूर्वी दारू आणि गोळी कागदातच गुंडाळलेली असे. मराठी वाचकाला काडतूस म्हटले की १८५७ आठवते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु त्याच १८५७ साली, सातासमुद्रापलीकडे, स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कंपनीने आपल्या छोट्या रिव्हॉल्वरबरोबर .२२ बोरचे धातूचे काडतूस बाजारात आणले. इकडे दाताने तोडायच्या कागदी काडतुसावरून आगडोंब उसळत होता आणि तिकडे कागदाचे युग संपत आले होते. पुढे १८८७ मध्ये स्टीव्हन्स कंपनीने त्याच घराण्यातले ‘.२२ लाँग रायफल’ काढले. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिक येथे जागतिक विजेतेपद मिळवले आणि स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक आणले, ते याच काडतुसावर. त्या अंतरावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते.

मी बंदूकबाज नाही. माझी उमेदीची वर्षे लेथवर गेली. धातूत सरळ भोक पाडणे किती कठीण असते हे हातांना माहीत असल्यामुळे मी या विषयाकडे वळलो आणि गेली काही वर्षे जुने कॅटलॉग व नेमबाजीची जुनी पुस्तके मिळतील तशी वाचत आलो. त्या वाचनात एक प्रश्न पुन्हा पुन्हा भेटला. कारागिराकडून स्वतःसाठी रायफल बनवून घेणारा अमेरिकन माणूस काडतूस कोणते निवडतो, आणि का? हा प्रश्न वरवर छंदाचा वाटतो. प्रत्यक्षात त्यात शेती, गणित, व्यापार, लष्कर आणि कायदा असे सगळे गुंतलेले आहे.

शेतातला शत्रू

इंग्रजीतल्या ‘व्हर्मिन’ म्हणजे उपद्रवी प्राणी या शब्दाचा अमेरिकन ग्रामीण उच्चार ‘व्हारमिंट’. पूर्वेकडील राज्यांत हा शत्रू म्हणजे वुडचक. घुशीसारखी बिळे करणारा, पण मांजराएवढा प्राणी. त्याच्या बिळात घोड्याचा पाय अडकून मोडेल ही शेतकऱ्याची मोठी धास्ती. पश्चिमेच्या गवताळ मैदानांत त्याच जागी प्रेअरी डॉग. हे प्राणी लहान, सावध आणि दूरवर दिसणारे. त्यांच्यासाठी हरणाची जड रायफल नको होती. हवी होती सपाट जाणारी हलकी गोळी, बेताचा आवाज आणि अचूक नेम.

१९२० च्या दशकात स्प्रिंगफील्डच्या सरकारी शस्त्रशाळेशी संबंधित काही हौशी अधिकाऱ्यांनी एका जुन्या काळ्या दारूच्या काडतुसात नवी धूररहित दारू भरून प्रयोग केले. टाउनसेंड व्हेलेन आणि ग्रोव्हनर वॉटकिन्स ही त्यातली ठळक नावे. त्यातून ‘.२२ हॉर्नेट’ जन्मले आणि १९३० मध्ये विंचेस्टरने ते विकायला काढले. अशा घरगुती प्रयोगांतून तयार झालेल्या, कारखान्याच्या यादीत नसलेल्या काडतुसांना अमेरिकेत ‘वाइल्डकॅट’ म्हणजे रानमांजर म्हणत. कारागीर हव्या त्या मापाचा रीमर घेऊन चेंबर कोरायचा आणि गिऱ्हाईक जुन्या पितळी कोशाला दाबून नवा आकार द्यायचा. या प्रकरणातला बराचसा शोध मोठ्या कारखान्यांत लागलेला नाही. तो गॅरेजमधल्या लेथवर लागलेला आहे.

वेगाची हाव

१९३५ मध्ये विंचेस्टरने ‘.२२० स्विफ्ट’ आणले. ४८ ग्रेनची, म्हणजे जेमतेम तीन ग्रॅमची गोळी सेकंदाला ४,११० फूट वेगाने जाते अशी त्याची जाहिरात होती. ध्वनीच्या साडेतीन पटींहून अधिक वेग! बाजार दिपून गेला. थोड्याच काळात तक्रारी सुरू झाल्या की नळी लवकर झिजते. कारण साधे आहे. मोठ्या कोशातली भरपूर दारू बारीक भोकातून बाहेर पडते, तेव्हा तापलेल्या वायूचा सगळा मारा चेंबरपुढच्या बोटभर जागेवर होतो आणि तिथले पोलाद भाजून निघते. दिवसभरात शंभर-दोनशे बार काढणाऱ्या प्रेअरी डॉगच्या शिकाऱ्याला ही चैन परवडणारी नव्हती.

वाचकांना आणखी एक गंमत सांगतो. .२२० स्विफ्ट, .२२-२५०, .२२२ रेमिंग्टन, .२२३ रेमिंग्टन ही नावे वेगळी असली तरी चारही काडतुसांच्या गोळीचा व्यास एकच, ०.२२४ इंच. नावातला आकडा हे माप असतेच असे नाही. पुष्कळदा ती फक्त खूण असते. म्हणून जुने कॅटलॉग वाचताना नावावर विश्वास न ठेवता कोशाची आकृती पाहावी लागते.

वेगाच्या हावेला उतारा मिळाला तो १९५० मध्ये. रेमिंग्टनचे अभियंते माइक वॉकर हे स्वतः टेबलावर रायफल टेकवून कागदावर नेम धरणाऱ्या ‘बेंचरेस्ट’ मंडळींपैकी होते. या खेळात पाच किंवा दहा गोळ्यांची भोके एकमेकांच्या किती जवळ पडली हे मोजतात. त्यांनी ‘.२२२ रेमिंग्टन’ नव्याने आखले. ५० ग्रेनची गोळी, सेकंदाला सुमारे ३,२०० फूट वेग, बेताची दारू, लांब मान. स्विफ्टपेक्षा हे काडतूस कितीतरी मंद. तरीही पुढची सुमारे वीस-पंचवीस वर्षे बेंचरेस्टच्या मैदानावर त्याचेच राज्य होते, आणि शेतातल्या शिकाऱ्यालाही ते तेवढेच आवडले. वेग आणि अचूकपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने कागदावर दाखवून दिले.

पिळाचा धडा

या इतिहासातले सर्वांत बोधप्रद प्रकरण १९५५ चे आहे. त्या एकाच वर्षी दोन कंपन्यांनी ६ मिलिमीटरची दोन काडतुसे बाजारात आणली. विंचेस्टरचे ‘.२४३’ आणि रेमिंग्टनचे ‘.२४४’. गोळीचा व्यास तोच. कोशाची क्षमता पाहिली तर रेमिंग्टनचे किंचित सरसच. तरीही विंचेस्टर जिंकले आणि रेमिंग्टन साफ पडले.

कारण नळीच्या पिळात होते. नळीच्या आत कोरलेल्या चक्राकार खोबणींमुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरते आणि म्हणून सरळ जाते. किती इंचांत एक पूर्ण फेरा होतो, त्याला पीळ म्हणतात. वुलिचचे गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी एक सोपे सूत्र दिले : व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणावे आणि गोळीच्या लांबीने भागावे. सूत्रात वजन नाही, लांबी आहे. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा. मात्र त्याच व्यासाची जड गोळी लांबच होते, म्हणून व्यवहारात वजनाचाही संबंध येतो.

रेमिंग्टनने .२४४ हे उपद्रवी प्राण्यांसाठीचे काडतूस मानले. त्यासाठी ७५ आणि ९० ग्रेनच्या गोळ्या दिल्या आणि पीळ १२ इंचांचा ठेवला. ठरवलेल्या कामासाठी हा हिशेब चोख होता. विंचेस्टरने पीळ १० इंचांचा ठेवला आणि ८० ग्रेनबरोबर १०० ग्रेनची गोळीही दिली. अमेरिकन शेतकऱ्याला उन्हाळ्यात वुडचक आणि शरदात हरीण, दोन्हीला चालेल अशी एकच रायफल हवी होती. हरणाला शंभर ग्रेनची गोळी हवी अशी त्याची पक्की समजूत, आणि ती लांब गोळी रेमिंग्टनच्या सैल पिळात भरवशाने स्थिर राहत नसे. शेवटी रेमिंग्टनने पीळ ९ इंचांचा केला आणि १९६३ मध्ये तेच काडतूस ‘६ एमएम रेमिंग्टन’ या नव्या नावाने आणले. तोपर्यंत बाजार हातचा गेला होता. गणित बरोबर असूनही गिऱ्हाईक चुकीचे गृहीत धरले, असा हा धडा आहे.

लष्कर आणि कायदा

.२२२ चे राज्य गेले, त्यात लष्कराचा हात मोठा. त्याचाच कोश ४३.२ मिलिमीटरवरून ४४.७ मिलिमीटर लांब करून ‘.२२३’ तयार झाले आणि एम-१६ रायफलबरोबर ते अमेरिकन सैन्यात गेले. मग पितळ स्वस्त झाले आणि काडतुसे गावोगाव मिळू लागली. निवड करणारा शिकारी गुण पाहतोच, पण दुकानाचे फळकूटही पाहतो.

उलट दिशेने कायदाही निवड करतो. याचे उत्तम उदाहरण आपल्याच देशातले. १९०७ मध्ये ब्रिटिशांनी हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० बोरच्या काडतुसांच्या आयातीवर बंदी घातली. जुन्या लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलींना ती सामग्री बंडखोरांच्या हाती उपयोगी पडेल ही भीती होती. लंडनच्या बंदूक-कारागिरांनी लगेच .४६५, .४७०, .४७५ अशी मापे पुढे केली. वाघ-हत्तींच्या शिकारीची ही प्रसिद्ध काडतुसे बंदीच्या आदेशामुळे वर आली, हे शिकारकथा वाचणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

बेंचरेस्टच्या मैदानावर .२२२ ला खरा वारस मिळाला १९७० च्या दशकात. लुई पाल्मिसानो हे शल्यविशारद आणि फेरिस पिंडेल हे साचेकारागीर. या दोघांनी आखूड, जाड कोश आणि लहान टोपी यांचा मेळ घालून ‘पीपीसी’ काडतुसे तयार केली. मूळ कोश घेतला तो ‘.२२० रशियन’चा, आणि त्याचे मूळ सोव्हिएत ७.६२×३९ मध्ये, म्हणजे कलाश्निकोव्हच्या काडतुसात. शीतयुद्ध ऐन भरात असताना अमेरिकेतले सर्वांत अचूक काडतूस रशियन बीजातून उगवले. कारागिराला सीमा नसतात, असे मी म्हणतो ते यामुळे.

निष्कर्ष

या साऱ्या वाचनातून मला निवडीचा एक क्रम दिसतो. आधी काम, मग अंतर, त्यावरून गोळी, गोळीवरून पीळ, आणि सर्वांत शेवटी काडतुसाचे नाव. फसले ते बहुतेक नावापासून सुरुवात करणारे.

पण ‘काम’ या शब्दापाशी थोडे थांबायला हवे. प्रेअरी डॉगला उपद्रवी ठरवून अमेरिकेने मुख्यतः विष पेरून त्यांच्या वसाहती उठवल्या. नांगर आणि प्लेग यांनी उरलेसुरले केले. त्यांच्यावर जगणारे काळ्या पायांचे फेरेट हे मुंगसासारखे जनावर नामशेष झाले असेच धरले गेले होते. १९८१ मध्ये वायोमिंगमधील मीटीत्सीजवळ एका कुत्र्याने ते मारून आणले, तेव्हा कुठे थोडे उरले असल्याचे कळले. आपल्या १९७२ च्या वन्यजीव कायद्यातही ‘उपद्रवी’ प्राण्यांची एक अनुसूची होती. कावळा, उंदीर, घूस आणि फळे खाणारी वटवाघळे त्यात होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूची गेली. तरी एखाद्या प्राण्याला उपद्रवी घोषित करण्याचा केंद्राचा अधिकार कायम आहे, आणि रानडुकरांनी रात्रीत पीक झोपवलेल्या शेतकऱ्याचा संतापही खराच आहे.

ग्रीनहिलच्या सूत्राने पीळ काढता येतो, पितळ मायक्रोमीटरने मोजता येते. कोणता प्राणी शत्रू, हे मात्र माणसे ठरवतात, कायदा ठरवतो, आणि दर पन्नास वर्षांनी त्याचे उत्तर बदलते. काडतुसाच्या इतिहासात सगळ्यात जपून करायची निवड हीच, असे माझे मत झाले आहे.