बंद दाराआडची बाटली

जुन्या रेड वाइनबद्दल एका मुसलमान शिक्षकाने लिहावं, हे काहींना खटकेल. मी पीत नाही. द्राक्षाची दारू हराम आहे याबद्दल इमामांमध्ये दुमत नाही आणि मला या लेखात त्यातून पळवाटही काढायची नाही. पण उर्दू शिकवणाऱ्याला शराब टाळता येत नाही. दर दुसऱ्या गझलेत ती भेटते आणि वर्गातला एखादा मुलगा विचारतोच, "सर, हे शायर खरंच प्यायचे का?" काही प्यायचे, काही नाही. मला त्याच्या पुढचा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. जे आपल्या घरात पीत होते, त्यांच्या उंबऱ्याच्या आत आपले सुलतान आणि फकीह कुठवर गेले?

आधी त्या बाटलीविषयी. वाइन साठवायला अंधारी, न हलणारी आणि साधारण बारा-चौदा अंश तापमानाची जागा लागते. मे महिन्यातल्या पनवेलमध्ये ती कुठून मिळणार? इथल्या हौशी माणसाला तळघराऐवजी विजेचं कपाटच घ्यावं लागतं. बाटली आडवी ठेवतात, म्हणजे बूच ओलं राहतं आणि आकसत नाही. रेड वाइन सालीसकट आंबवलेली असते. सालीतलं आणि बियांतलं टॅनिन कोवळ्या वाइनमध्ये कच्च्या सुपारीसारखं जिभेला धरतं. वर्षं जातात तसे त्याचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात, जांभळा रंग विटकरी होत जातो आणि तुरटपणा उतरतो. म्हणून जुनी बाटली आधी काही काळ उभी ठेवतात आणि गाळ हलू न देता सावकाश ओततात. हे सगळ्याच वाइनला जमत नाही. बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत संपवायच्याच असतात.

त्या गाळाला फारसी-उर्दूत 'दुर्द' म्हणतात. मुलं तो शब्द हमखास 'दर्द' असा वाचतात आणि दुर्दैवाने अर्थही बऱ्यापैकी लागतो!

नाशिकच्या मळ्यांत शिराझ नावाची काळी द्राक्षं लावतात. नाव इराणी शहराचं असलं तरी जनुकीय तपासणीत हा वेल फ्रान्सचा निघाला. हाफिजच्या शिराझची वाइन वेगळी. ती इराणच्या बंदरातून कंपन्यांच्या जहाजांनी सुरतेला यायची आणि सतराव्या शतकात तिथल्या इंग्रज वखारीत जेवणाच्या टेबलावर असायची. पुढे नारायणगावला फसफसणारी वाइन तयार झाली, तर तिचंही नाव ठेवलं 'ओमर खय्याम'. द्राक्षं कुठलीही असोत, लेबल मात्र फारसी!

दख्खनला द्राक्षं नवी नाहीत. चौदाव्या शतकात दौलताबादला आलेल्या इब्न बतूताने तिथल्या द्राक्षांची आणि डाळिंबांची नोंद केली आहे; दोन्हींना वर्षातून दोनदा फळ येतं, असं तो सांगतो. अहमदनगरच्या दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहला (१५९१-९५) जुहूरी या इराणी कवीने आपलं 'साकीनामा' अर्पण केलं. म्हणजे मद्यावरचं एक गाजलेलं फारसी काव्य नगरच्या दरबाराशी जोडलेलं आहे.

दौलताबाद तेव्हा देवगिरी होतं आणि देवगिरी म्हटलं की मराठी माणसाला अलाउद्दीन खिलजी आठवतो. त्याच्या दारूबंदीबद्दल मात्र आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. लागोपाठ बंडं झाल्यावर त्याने सल्लागारांना कारणं विचारली. त्यात एक कारण निघालं अमीरांच्या मद्याच्या मैफली. मैफलीत माणसं एकत्र येतात, मोकळी बोलतात आणि कट शिजतात. अलाउद्दीनने दिल्लीत दारू बंद केली. इतिहासकार बरनी लिहितो की सुलतानाच्या स्वतःच्या साठ्यातली शराब बदायूँ दरवाज्यापाशी इतकी ओतली गेली की पावसाळ्यासारखा चिखल झाला. गुन्हेगारांना ठेवायला तिथेच विहिरीसारखे खड्डे खणले आणि त्यात माणसं मेली. तरीही पखालींतून, गवताच्या भाऱ्यांतून दारू शहरात येतच राहिली. शेवटी सुलतानानेच हुकूम सैल केला. कुणी आपल्या घरात गुपचूप दारू गाळून दार लावून पीत असेल, विकत नसेल आणि मैफल भरवत नसेल, तर हेरांनी तिकडे जायचं नाही.

हा काही धर्मनिष्ठ सुलतान नव्हता. त्याची बंदीही राजकीय होती आणि माघारही. पण तो जिथे येऊन थांबला, ती रेषा त्याच्या खूप आधी आखलेली होती. खलिफा उमर यांची ती प्रसिद्ध गोष्ट घ्या. रात्री गस्त घालताना त्यांना एका घरातून गाण्याचा आवाज आला. भिंत चढून ते आत उतरले, तर समोर माणूस दारू घेऊन बसलेला. तो म्हणाला, अमीरुल मोमिनीन, मी एक गुन्हा केला, तुम्ही तीन केलेत. कुरआनने हेरगिरी मना केली, तुम्ही ती केलीत. घरात दारातून या म्हटलं, तुम्ही भिंतीवरून आलात. परवानगी आणि सलामाशिवाय आत येऊ नका म्हटलं, तुम्ही आलात. उमर त्याला सोडून परत गेले. इमाम गझालींनीही ही गोष्ट दिली आहे. मशिदीतल्या बयानात दारूवरच्या आयती नेहमी ऐकू येतात, ही गोष्ट क्वचितच येते.

हनफी फिकह त्याच्याही पुढे जातो. बाराव्या शतकातल्या 'हिदाया' या ग्रंथानुसार, मुसलमानाने एखाद्या जिम्मीची, म्हणजे मुस्लिम राज्यातल्या बिगरमुस्लिम रहिवाशाची दारू नासवली, तर त्याने तिची किंमत भरून द्यायची. ती त्याची मालमत्ता आहे. मुसलमानाची दारू सांडली तर भरपाई नाही, शेजाऱ्याची सांडली तर आहे. १७९१ मध्ये या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर निघालं आणि कंपनीच्या न्यायालयांत ते वापरलं गेलं.

गालिबचं तळघर म्हणजे एक पेटी होती. बाटल्या त्या पेटीत आणि किल्ली नोकराकडे. रात्री ठरल्यापेक्षा जास्त मागितली तरी द्यायची नाही, अशी नोकराला ताकीद होती. हे हाली यांनी लिहून ठेवलं आहे. १८५७च्या धामधुमीत दिल्लीत काही मिळेना, तेव्हा महेश दास या हिंदू स्नेह्याने त्यांची सोय केली. 'दस्तंबू'मध्ये गालिबने त्याचे आभार मानले आहेत.

आता आपल्या काळाकडे येऊ. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. महाराष्ट्रात तो परवान्यांच्या वाटेने सैल झाला, गुजरातमध्ये कडक राहिला. घराच्या चार भिंतींत पिण्याला खासगीपणाचा अधिकार लागू होतो का, हा प्रश्न घेऊन तिथे लोक उच्च न्यायालयात गेले आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्या याचिका ऐकण्याजोग्या ठरवल्या. आमच्यातले काहीजण या बातमीवर नाक मुरडतात. त्यांना मी ६ मे २०१६ची आठवण देतो. त्या दिवशी मुंबई उच्च न्यायालयाने गोवंश हत्याबंदी कायम ठेवली, पण राज्याबाहेर कापलेलं मांस जवळ बाळगणं हा गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं. कारण तेच, खासगीपणा. कुणाच्या फ्रीजमध्ये काय आहे, हे पाहायला सरकारने घरात यायचं नाही. तो फ्रीज आमचा होता. वाइनचं कपाट शेजाऱ्याचं आहे, म्हणून मी वेगळा नियम मागू शकत नाही.

शेजाऱ्यावरून आठवलं. कूफ्यात इमाम अबू हनीफांच्या शेजारी एक चांभार राहत असे. दिवसभर काम करायचा, रात्री घरी पिऊन गायचा. एकच बैत, पुन्हा पुन्हा, की लोकांनी मला गमावलं. इमाम रात्रभर नमाजमध्ये उभे असत आणि भिंतीपलीकडून हे गाणं येत असे. एका रात्री आवाज आला नाही. चौकशी केली तेव्हा कळलं की गस्तीच्या शिपायांनी त्याला उचललं. सकाळची नमाज होताच इमाम खेचरावर बसून अमीराकडे गेले. अमीराने त्यांना मोठ्या मानाने जवळ बसवलं आणि काम विचारलं. माझा शेजारी चांभार, त्याला सोडा, एवढंच इमाम म्हणाले. परतताना त्यांनी त्याला विचारलं, काय रे, आम्ही तुला गमावलं का? पुढे त्याने दारू सोडली, असंही सांगतात. मला त्यातला अमीराचा हुकूम जास्त लक्षात राहिला आहे. त्या चांभाराबरोबर, त्या रात्रीपासून पकडलेल्या सगळ्यांनाच त्याने सोडून दिलं.